फाळक्यावरची पिवळी गाडी

आमच्या ट्रकच्या मागे मोर नव्हता. लाखनीवरून जाणाऱ्या बाकी सगळ्या ट्रकांच्या फाळक्यावर मोर असायचा, गरुड असायचा, नाहीतर कमळात बसलेली लक्ष्मी. आमच्या फाळक्यावर होती एक पिवळी, लांबुळकी, जमिनीला पोट टेकवलेली गाडी. तिच्या नाकाशी निंबू-मिरची लटकवलेली. टपावर काचेचा फुगा आणि फुग्यात चक्क गणपती. ही गाडी कोणती, कुठली, तिच्या डोक्यावर फुगा कशाला, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. शाळेतल्या मुली मला विचारायच्या, "तुह्या बाबाच्या गाडीवर ते काय काढलं वं, पानबुडी का?" माझं डोकं असं फिरायचं! लहानपणीची निम्मी भांडणं मी त्या फाळक्यापायी केली आहेत.

बाबांनी तो ट्रक नवा घेतला तेव्हा टर्बो बसवलेला ट्रक आमच्या गावात दुसरा नव्हता. मग त्याच्यावर सगळ्यांसारखा मोर कसा चालेल? लाखनीच्या पेंटरला त्यांनी सांगितलं, "कोनाजवळच नाही असं काही काढ." पेंटर बिचारा विचारात पडला. तेवढ्यात नागपूरच्या मिस्त्रीकडून एक पार्ट आला, तो एका परदेशी मासिकाच्या पानात गुंडाळलेला होता. पानावर ती गाडी होती. मिस्त्री म्हणाला, हीसुद्धा टर्बोचीच आहे. झालं! पेंटरने पान समोर टांगलं आणि ब्रश उचलला. फुगा कशासाठी हे त्याला कळेना. पण गाडीच्या डोक्यावर काचेची पेटी म्हणजे देव्हाराच असणार, आमच्याकडच्या डायवरांच्या काचेवर देव असतोच, म्हणून त्याने गणपती बसवला. एवढ्या सुंदर गाडीला नजर लागेल म्हणून निंबू-मिरचीही त्यानेच लटकवली. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "ते आपल्या गाडीची आत्या होय. दूर देशी देली तिले." मी पुष्कळ वर्षं हे खरं मानत होते.

त्या ट्रकने बाबांनी तुमसरच्या राइस मिलांमधला तांदूळ कुठे कुठे नेला! रायपूर, कलकत्ता, ओडिशाची बंदरं. सोबत त्यांचा जोडीदार डायवर असायचा. एक झोपला की दुसरा चालवायचा. मी त्यांना जोडीदारकाका म्हणायची. दोघांचा एक नियम मात्र देवाच्या नियमासारखा होता. गाडी कुठेही थांबली तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बोचा पंखा धुराच्या जोराने फिरतो, तापून लाल होतो, आणि इंजिन झटक्यात बंद केलं तर त्याच्यातलं ऑइल तिथंच जळून बसतं. म्हणून आधी चहा सांगायचा, चहा येईपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत गाडी उभ्या जागी चालू ठेवायची, मग चावी फिरवायची. ह्याला ते "गाडी थंडी करणं" म्हणत. हायवेवरच्या धाब्यांना आमच्या ट्रकच्या टर्बोची शिट्टी ऐकू आली की चहा आपोआप चढायचा. बाबांना ही सवय इतकी लागली होती की ते स्कूटरवर लग्नाला गेले तरी मांडवाच्या दाराशी स्कूटर भुर्रभुर्र चालू ठेवून उभे राहायचे. स्कूटरला कुठला आला टर्बो! आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "बंद करा ना वो, लोक पाहून राहिले."

गेल्या वर्षी बाबा तुमसरहून रिकामी गाडी घेऊन येत होते. डावीकडून एक सायकलवाला आला आणि अगदी चाकाजवळून निघून गेला. काही झालं नाही. पण बाबांना तो दिसलाच नव्हता. घरी आले, गाडी आंगणात मोहाच्या झाडाखाली लावली, चहा प्यायले, चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आता नाही." भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं गेलं, ते परत येत नाही. मी भंडाऱ्यालाच एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे दवाखान्यात सोबत मीच होते. बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "समोरचं दिसते ना, बस झालं."

बस कुठलं झालं! माणूस आमच्यासमोर विझत चालला होता. ट्रक आंगणात उभा आणि ट्रकच्या बाजूला खाटेवर बाबा. सकाळी उठून गाडी सुरू करायची, चहा येईपर्यंत चालू ठेवायची, बंद करायची, खाटेवर बसायचं. "जेवले का?" तर "हाव." "भाजी कशी झाली?" तरी "हाव." शेताकडे जाईनात, बोडीच्या तळ्यावर जाईनात, पारावर तर नाहीच.

आईच्या जिवाला घोर लागला होता आणि तो का, हे मला पक्कं माहीत होतं. जोडीदारकाकांचं तिने पाहिलं होतं. त्यांनी एका दुपारी आपली गाडी दुसऱ्याला दिली, घरी येऊन खाटेवर बसले, आणि धान कापणीला यायच्या आधी गेले. ना आजार, ना ताप. आई म्हणायची, "गाडी गेली अन् बसला तो मानूस उठलाच नाही, बाई." ट्रक आंगणातून हलला की बाबाही जातील, हे तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणून गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं की बाबांच्या पाठीमागे ती त्याला अशी काही गोष्ट सांगायची की तो पुन्हा तोंड दाखवायचा नाही. एकाला सांगितलं, गाडी उभ्या उभ्या आपोआप रडते. दुसऱ्याला सांगितलं, फुग्यातला गणपती कडक आहे, परक्या हाताला चालत नाही. मला हसू आवरायचं नाही आणि रडूही यायचं. गाडी आंगणात गंजत होती आणि माझे बाबा तिच्याबरोबर.

मी दर रविवारी गावी जाते. एका रविवारी दुसरं काही सुचेना म्हणून मी मोबाइल काढला आणि फाळक्याचा फोटो घेऊन शोधायला टाकला. इतकी वर्षं जी गाडी माझ्या डोक्यात होती ती अखेर आहे तरी काय? मोबाइलने आधी पाणबुडी दाखवली. शाळेतल्या त्या पोरी खऱ्या ठरल्या म्हणून मला असा राग आला! मग मोबाइलने लहान मुलांचं खेळणं दाखवलं, मग केळी. शेवटी मी एका हाताने निंबू-मिरची झाकली, दुसरा हात गणपतीवर ठेवला आणि आईला म्हटलं, "आता तू फोटो काढ." आणि निघाली हो! तीच. पिवळी, काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर काचेचा फुगा.

"बाबा, सापडली तुमची बहीण," मी ओरडले. "फ्रान्सची आहे."

बाबांनी मान वर केली. मी वाचून दाखवायला लागले. ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही, फक्त शर्यतीसाठी बनवलेली. आणि शर्यत कशी, तर चोवीस तासांची. दिवस आणि रात्र, थांबायचं ते फक्त तेल भरायला, टायर बदलायला आणि डायवर बदलायला.

"चोवीस तास?" बाबा म्हणाले. आमच्याकडे शंकरपटात बैलजोडी सुटते आणि बघता बघता पट संपतो, तेवढीच शर्यत आम्हाला माहीत. "अन् डायवर किती?"

"दोघं. आलटून पालटून."

"मंग ते आमचंच काम झालं," ते म्हणाले आणि खाटेवर नीट बसले. "आमी कलकत्त्याले तसेच जात होतो. फक्त आमच्या मागं तांदूळ राहे."

किती दिवसांनी त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं होतं. आई दारात उभी राहिली, हातात लाटणं तसंच. मग काय, मला चेवच आला.

इंजिन दोन लिटरचं. बाबांना पटेना. आमच्या ट्रकचं सहा लिटरच्या आसपासचं आहे. आणि ताकद मात्र ट्रकच्या तिपटीहून जास्त. "एवढ्याशा इंजिनात? टर्बोनं?" "टर्बोनं." बाबांनी ट्रककडे असं पाहिलं, जणू त्याने इतकी वर्षं अंगचोरपणा केला आहे. आणि फुगा? तो देव्हारा नव्हता. त्याच्यात डायवरचं डोकं असायचं. वारा कापत गाडी आणखी तेज पळावी म्हणून वरून काच लावली होती. मला वाटलं, पेंटरची ही चूक ऐकून बाबा हसतील. पण ते गंभीरपणे म्हणाले, "बराबरच काढलं त्यानं. तेथं देवच पायजे."

मग मी सांगितलं की त्या काचेखाली इतकी गरमी व्हायची, की ही गाडी जिंकली तेव्हा शेवटी चालवणारा डायवर उतरल्यावर उभाच राहू शकला नाही. बक्षीस घ्यायलाही त्याला जाता आलं नाही.

"ऊन लागलं त्याले," बाबा लगेच म्हणाले. "खिशात कांदा नसन ठेवला. तिकडच्या लोकायले कोन सांगनार?"

मला तो फ्रेंच डायवर दिसला, पांढऱ्या कपड्यांत, खिशात कांदा. मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

त्यानंतर गंमत सुरू झाली. शाळेच्या मधल्या सुट्टीत माझा मोबाइल वाजायला लागला. आईच्या नंबरवरून बाबा. "बाई, त्या गाडीच्या आधी टर्बो कायले लावत होते, ते पाय ना." मी शोधलं आणि मीच थक्क झाले. माझी समजूत अशी होती की शर्यतीतून टर्बो निघाला आणि मग फिरत फिरत ट्रकपर्यंत आला. उलटंच निघालं. जहाजांना, ट्रकांना टर्बो कितीतरी आधीपासून होता. शर्यतवाल्यांनी तो मागून उचलला. हे सांगितल्यावर बाबांचा आवाज असा चढला की टीचर्स रूममधल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हंजे आत्या आपली गाडी होय! ते भाची झाली!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. जिंकायच्या आधी हरली होती का? होती. आदल्या वर्षी त्यांच्या सगळ्या गाड्या इंजिन जळून मधेच बसल्या होत्या. जिंकली तेव्हाही हिच्याहून तेज अशी त्यांचीच दुसरी गाडी पिस्टन जळून बाहेर पडली, आणि ही शेवटी सबुरीने चालवत आणली. "मंग!" बाबा म्हणायचे. त्यांच्या त्या "मंग"मध्ये सगळा नॅशनल हायवे असायचा. ते आता बोडीवर जायला लागले होते. पारावरच्या लोकांना फ्रान्सची शर्यत समजावून सांगत होते. जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणून आईवर चिडले, तर आईने मला मुद्दाम फोन करून ही आनंदाची बातमी दिली.

आणि मग तो प्रश्न आला. रविवार होता. आई धान पाखडत होती.

"जितल्यावर काय केलं तिनं? दुसऱ्या वर्षी बी जितली का?"

हे मी आधीच वाचलेलं होतं आणि तेव्हापासून टाळत होते. मी म्हटलं, "पाहते." ते म्हणाले, "तू पायलं आहे. तुह्या तोंडावर दिसून राहिलं. समोरचं दिसते मले." मग काय करणार, सांगितलं. जिंकल्याबरोबर कंपनीने ती चोवीस तासांची शर्यत सोडली. गाडी पुन्हा त्या शर्यतीत उतरलीच नाही. बंद.

आईचं सूप थांबलं. मला स्वतःच्या जिभेचा असा संताप आला! ज्या गोष्टीने बाबा उठून बसले होते, तिचाच शेवट जोडीदारकाकांसारखा निघाला होता.

बाबांनी मान वळवून ट्रकच्या फाळक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मंग आता कोठं आहे ते? भंगारात?"

भंगारात नव्हती. मी तिथल्या तिथे शोधलं आणि एक व्हिडिओ सापडला. जुन्या गाड्यांचा काहीतरी मेळावा होता. पिवळी गाडी हळूहळू येत होती, शर्यत नाही, काही नाही, नुसती एक चक्कर. दोन्ही बाजूंना माणसं उभी, म्हातारे हात हलवत होते. मी मोबाइल बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरायच्या ऐवजी कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज संपला की म्हणायचे, "पुन्हा लाव." असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी मोबाइल परत देत म्हणाले, "हवा चांगली घेऊन राहिली अजून."

त्या आठवड्यात बाबांनी स्वतः पवनीच्या एका डायवरला फोन केला. धान वाहायला त्याला गाडी हवी होती, तो आधी एकदा येऊन गेला होता, रडणाऱ्या गाडीची गोष्ट ऐकून पळालेला तो हाच. बाबांनी त्याला सांगितलं, "गाडी रडत नाही. माही बायको रडते. ये तू."

तो आला त्या सकाळी मी शाळेला सुट्टी टाकली होती. आईला एकटी सोडायची माझी हिंमत नव्हती. बाबांनी गाडी सुरू केली, पवनीवाल्याला सोबत घेऊन हायवेपर्यंत नेऊन आणली, म्हणजे चालवली त्यानेच, बाबा नुसते सांगत होते. परत मोहाखाली लावली. बाबा उतरून दुसऱ्या बाजूने आले आणि आपल्या सीटवर बसले. इंजिन चालू. ओरडून म्हणाले, "चहा टाका."

पवनीवाला फाळक्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तुम्ही इथे मोर काढाल."

"छे बाप्पा," तो म्हणाला. "इतके वर्स निंबू-मिरची लागली गाडीले. हे पुसनारा मी कोन?"

चहा येईना. इंजिन घुमत होतं. पवनीवाल्याने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी होती आणि पातेल्याखालचा गॅस इतका बारीक, की दिसेना. चहाला अजून बुडबुडाही आला नव्हता.

"आई, गॅस मोठा कर ना."

"राहू दे."

"अगं, तो माणूस खोळंबला आहे."

तिने माझा हात धरला. "चहा झाला का गाडी बंद होते, बाई," ती म्हणाली. "होऊ दे हळू हळू."

तेव्हा मला कळलं. चहा पिऊन होईपर्यंत चावी फिरवायची नाही, हा बाबांचा नियम. आई त्या नियमाला धरून लोंबकळली होती. मला तिला पोटाशी घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलंही. आमच्या दोघींच्या मधे ते पातेलं, आणि बाहेर इंजिन.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "अवो, आन आता चहा!"

आई हलली नाही.

मग ते स्वतःच आले. इंजिन चालूच ठेवून, भिंतीला डावा हात लावत, कारण बाजूचं दिसत नाही. दारात उभं राहून त्यांनी गॅसकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. समोरचं त्यांना खरंच दिसतं.

"भेऊन राहिली तू," ते म्हणाले. "मी नाही जाऊन राहिलो. गाडी जाऊन राहिली."

आईने गॅस मोठा केला.

सगळ्यांनी आंगणात उभ्यानेच चहा घेतला. बाबांनी कप खाली ठेवला, वर चढले, चावी फिरवली, आणि आमचं आंगण एकदम इतकं शांत झालं की कोंबड्यांचं खुरडणं ऐकू आलं. त्यांनी चावी पवनीवाल्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "थंडी केल्याबिगर बंद करू नोको, बस." ट्रक गेला. पिवळी गाडी फाटकातून वळून गेली तेव्हा आईने हात जोडले, गणपतीला की कशाला, मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी भंडाऱ्याला परतले. दुसऱ्या दिवशी वर्गात मन नव्हतं. मोहाखालची रिकामी जागा आणि बाजूची ती खाट, दुसरं काही डोळ्यांसमोर येईना. मधल्या सुट्टीत मोबाइल वाजला. आईचा नंबर. खरं सांगते, उचलायची छाती होईना.

"बाई," बाबांचा आवाज आला, "ते शर्यत सोडून ते कंपनी गेली कोठं, ते तू सांगतलंच नाही."

मी भिंतीला टेकले. मग सांगितलं की टर्बो त्यांनी सोडला नव्हता. एका सीटच्या उघड्या गाड्यांची दुसरी शर्यत असते, तिथे तो आधीच नेला होता, आता सगळा जीव तिकडे लावला. पण तिथे सुरुवातीला ती गाडी सारखी बसायची आणि पांढरी वाफ सोडत उभी राहायची. लोक टिंगल करायचे. म्हणायचे, आली पिवळी चहाची किटली.

मग बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. गेल्या वर्षापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. "अवो, आयकलं का?" ते आईला ओरडून सांगत होते. "चहाची किटली म्हनत होते तिले!" मागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि आई रडत रडत हसायला लागली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वर्गात पोरींचा गोंधळ सुरू झाला होता. मी जागची हलले नाही.

"अन् मंग?" बाबांनी विचारलं. "मंग काय झालं?"